चौदा इंची वटवृक्ष

वारसाहक्काने माणसाच्या वाट्याला काय येईल याचा नेम नाही. कुणाला वाडा येतो, कुणाला वाड्यातले भाडेकरू येतात, आणि बहुतेकांना मधुमेह येतो. मला वड आला. अख्खा वटवृक्ष, पारंब्यांसकट. उंची चौदा इंच.

तो घेऊन वहिनी रिक्षातून आल्या. तान्हं मूल घ्यावं तसा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रिक्षावाल्याने म्हणे वाटेत दोन सिग्नलांना मागे वळून विचारलं, "मावशी, खरा आहे का?" हा प्रश्न आमच्या घराण्यात या झाडाविषयी गेली चाळीस वर्षं विचारला जातो आहे. पाहुणा येतो, डोळे बारीक करून बघतो, आणि न विचारता एक पान चिमटीत धरून चुरगाळतो. खऱ्या झाडाला आपला खरेपणा सिद्ध करायला दर पाहुण्यामागे एक पान मोजावं लागतं. प्लॅस्टिकच्या फुलांना हा त्रास नाही.

वहिनींनी झाड टीपॉयवर ठेवलं, पिशवीतून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा काढून शेजारी ठेवला, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, हे आता तुमचं. पण एक करा. याला सोडवा."

"म्हणजे?"

"याच्या तारा काढा, आणि कुठंतरी जमिनीत लावून टाका. मला हे बांधलेलं बघवत नाही."

मी "बरं" म्हणालो. नोकरीची बत्तीस वर्षं मी टेबलावर आलेल्या प्रत्येक कागदाला "बरं" म्हणून ट्रेमध्ये ठेवून देत असे, त्या सवयीने. पण कागद आणि झाड यांत एक फरक आहे. ठेवून दिलेला कागद वाढत नाही.

झाड दादाचं. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. १९८४ साली त्याच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर सांडपाण्याच्या पाइपाच्या सांध्यात वडाचं रोप उगवलं. वडाला उगवायला माती लागत नाही, पोट बिघडलेला एखादा पक्षी पुरतो. सोसायटीची सभा भरली आणि मुळाशी ॲसिड ओतावं असा ठराव बहुमताने मंजूर झाला. विरुद्ध मत एक, दादाचं. पण ठराव मंजूर झाला तरी वडावर ॲसिड ओतायला कुणी पुढे येईना. पाप सोसायटीच्या नावावर जमा होत नाही, ओतणाऱ्याच्या नावावर होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी दादाच शिडीवर चढला, छिन्नीने सांधा उकरून रोप मुळासकट काढलं आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात लावलं. अशा रीतीने फाशीची जन्मठेप झाली.

हे मी मुद्दाम आधीच सांगून ठेवतो. कारण बोन्साय म्हटलं की आपल्याकडे लगेच कुणीतरी घसा खाकरतं. मराठी भाषणांत बोन्साय हे झाड नाहीच. ती एक उपमा आहे. शिक्षणाने मुलांचं बोन्साय केलं, संसाराने बायकांचं बोन्साय केलं, पुढाऱ्यांनी कार्यकर्त्यांचं बोन्साय केलं. टाळ्या पडतात. यांतल्या एकाही वक्त्याने उन्हाळ्यात बोन्सायला दिवसातून दोनदा पाणी घातलेलं नसतं. घातलं असतं तर त्याला कळलं असतं की ज्या मुलांचं, बायकांचं आणि कार्यकर्त्यांचं तो बोलतो आहे, त्यांच्याकडे एवढं लक्ष आजवर कुणीच दिलेलं नाही.

असो. डब्यात काय होतं ते सांगतो, कारण दादा काय होता ते त्या डब्यावरूनच कळेल.

खेकड्याच्या नांगीसारखी एक कातर होती. डब्यातली ही एवढीच वस्तू जपानी. साध्या कात्रीने फांदी छाटली की खुंट उरतो आणि तो जन्मभर गाठीसारखा दिसतो. या कातरीची पाती आत वळलेली असतात. ती फांदीबरोबर खोडाचाही थोडा घास घेते, तिथं खळगा पडतो. मग चारी बाजूंनी साल आत सरकत येते आणि जखम भरते ती खोडाच्या पातळीला. म्हणजे वार जरा खोल करायचा, व्रण दिसू नये म्हणून. दादाने हे मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा माझं लग्न नुकतंच झालं होतं, आणि मला वाटलं तो संसाराविषयी सांगतो आहे. तो कातरीविषयीच सांगत होता.

बाकी सगळा स्वदेशी माल. दातांच्या डॉक्टरने टाकून दिलेला एक चिमटा. मुळांचा गुंता सोडवायला विणकामाची सुई आणि दाते वाकवलेला जेवणाचा काटा. माती झटकायला दाढीचा ब्रश. एक पक्कड. तारांची दोन वेटोळी, एक तांब्याचं, एक ॲल्युमिनिअमचं. झाड सगळ्या बाजूंनी बघता यावं म्हणून खाली फिरता पाट लागतो. त्यासाठी दादाने बिघडलेल्या रेकॉर्ड प्लेअरची फिरती थाळी काढून घेतली होती. तो प्लेअर बिघडला होता हे दादाचं मत. वहिनींचं मत वेगळं होतं, पण त्यानंतर त्यांच्या माणिक वर्मांच्या रेकॉर्डी घरात वाजल्या नाहीत हे खरं. त्या थाळीवर आता वड फिरत असे आणि दादा समोर मोड्यावर बसून एक डोळा मिटून त्याच्याकडे बघत असे. दोन-दोन तास. मग उठून एक पान तोडत असे. त्याला विचारलं, एवढा वेळ काय बघतोस, तर म्हणायचा, "कापण्याआधी बघायचं. कापल्यावर बघून काय उपयोग?"

वडाचं पान तळहाताएवढं. चौदा इंची झाडावर ते हत्तीचे कान लावल्यासारखं दिसतं. म्हणून उन्हाळ्याच्या सुरुवातीला दादा सगळीच्या सगळी पानं कापून टाकायचा, देठ तेवढे ठेवायचे. मग देठ गळतात आणि त्यांच्या बगलेतून नवी पालवी येते ती लहान. पाच-सहा वर्षं हे केलं की झाडाला सवय लागते. तो पंधरवडा वहिनी बाल्कनीत जात नसत. पांढरा चीक गळायचा, तो दादा ओल्या फडक्याने टिपत राहायचा.

पण खरी कला तारेची. तांब्याची तार आधी विस्तवावर लाल करायची, म्हणजे थंड झाल्यावर ती दोऱ्यासारखी वळते. पण एकदा वळवली की कडक होते, मग हट्टाला पेटलेल्या म्हाताऱ्यासारखी जागची हलत नाही. तारेची जाडी फांदीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी. वेढे पंचेचाळीस अंशांत, घट्ट नाहीत, सैल नाहीत. मग दोन्ही हातांचे अंगठे टेकवून फांदी हलकेच हवी तिकडे वाकवायची. काही महिन्यांनी फांदीला वाटू लागतं की हे वळण आपलंच. तेव्हा तार काढायची, आणि काढताना उलटी उलगडायची नाही. उलगडताना फांदी मोडते. पकडीने एकेक वेढा तोडायचा आणि तुकडा-तुकडा गळू द्यायचा. तार फुकट जाते, तर जाऊ द्यायची. दादा, जो टूथपेस्टची ट्यूब लाटण्याने लाटून वापरत असे, तो तारेच्या बाबतीत मात्र राजा होता.

आणि तार वेळेवर काढली पाहिजे. वडासारखं झाड पावसाळ्यात असं फुगतं की काही आठवड्यांत तार सालीत रुतायला लागते. मग साल तारेवरून वाढते, तार आत जाते, आणि सापाने विळखा घातल्यासारखी खूण जन्मभर राहते. म्हणून दादाच्या घरी कालनिर्णयवर गॅस सिलिंडरच्या तारखेच्या शेजारी बारीक अक्षरांत "तार" असं लिहिलेलं असे.

या झाडाची वर्षातून एकदा पूजाही होत असे. वटपौर्णिमेला पुण्यात वडाच्या तोडलेल्या फांद्या विकायला येतात हे आपण सगळे बघतो. दादाला त्याचा संताप. "झाडाकडे आयुष्य मागायचं आणि त्याचाच हात तोडून आणायचा!" हे वाक्य झाडाची सगळी पानं कापणारा माणूस म्हणत असे, हे सोडून द्या. तर वहिनी बाल्कनीतल्या वडाचीच पूजा करू लागल्या, आणि मग बिल्डिंगमधल्या इतर बायकाही. टीपॉय खोलीच्या मध्यभागी यायचा. बारा-पंधरा बायका पैठण्या सावरत चौदा इंच उंचीच्या झाडाभोवती सात-सात फेरे घालायच्या. सूत एवढं व्हायचं की संध्याकाळी झाड दिसायचं नाही, कोष दिसायचा. मग रात्री दादा चिमट्याने ते सूत एकेक पदर करून काढत बसायचा. "ही पण तारच आहे," म्हणायचा. "राहिली तर रुतेल."

गेल्याच्या गेल्या वर्षी जूनमध्ये दादाने झाडाला नव्याने तार घातली. जुलैअखेरीस त्याला दवाखान्यात न्यावं लागलं. न्युमोनिया. अकरा दिवस. घशात नळी होती, नाकात नळी होती, त्यामुळे बोलता येत नव्हतं. अर्धवट शुद्धीत माणूस नळ्या उपसून काढतो म्हणून दोन्ही मनगटं मऊ पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधली होती. डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं होतं, आम्ही सही केली होती. त्यात कुणाचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. नळी निघाली असती तर तो त्याच दिवशी गेला असता.

शेवटचे तीन दिवस दादा मला बघितलं की बांधलेल्या हाताची बोटं गोल-गोल फिरवायचा. अंगठा आणि तर्जनी जुळवून, काहीतरी पिळल्यासारखं. मी त्यातून अर्थ काढला की त्याला उकडतंय, पंख्याचं बटण फिरव म्हणतोय. मी पंखा वाढवला. त्याने मान हलवली आणि पुन्हा बोटं फिरवली. मी पंखा आणखी वाढवला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या माणसाने कुडकुडत विचारलं, की तुमच्या पेशंटला एवढं वारं कशाला लागतं?

वहिनी म्हणतात, तो हात सोडा म्हणत होता. म्हणून त्यांना तार बघवत नाही.

मी त्यांना "बरं" म्हणालो ते नवरात्र संपल्यावर. पुढे आठ दिवस मी झाडाकडे बघितलं नाही. नवव्या दिवशी पक्कड घेऊन बसलो आणि रेकॉर्ड प्लेअरची थाळी फिरवली. उजव्या बाजूच्या खालच्या फांदीत तार दिसतच नव्हती. साल तिच्यावरून मिटली होती. मध्येमध्ये तांब्याचा एखादा ठिपका चमकत होता. जून ते ऑक्टोबर, सबंध पावसाळा. मी पकडीने तार शोधत असताना माझा अंगठा आणि तर्जनी जुळली आणि गोल फिरली, आणि मी थांबलो.

तो हाताविषयी सांगत होता की तारेविषयी? आता कळायला मार्ग नाही. दोन्हींपैकी काहीही असलं तरी आम्ही पंखा वाढवला.

हे मी वहिनींना सांगितलं नाही. सांगून त्यांना बरं वाटेल की आणखी वाईट, ते ठरेना. शेवटी जे ठरत नाही त्याविषयी माणूस पुस्तकं वाचतो, तसा मी वाचत सुटलो. बांधलेलं झाड सोडवावं की नाही, यावर जगात कुणीतरी विचार केलाच असेल.

केलेला आहे. गोंग झिझेन नावाच्या चिनी लेखकाने १८३९ साली एक छोटा निबंध लिहिला. त्या काळी रसिकांना वाकडी, तिरकी, विरळ फांद्यांची प्लमची झाडं आवडत. म्हणून विकणारे सरळ झाडं वाकवत, भरगच्च झाडं विरळ करत. गोंगने अशा तीनशे कुंड्या विकत घेतल्या, तीन दिवस रडला, कुंड्या फोडल्या, दोऱ्या सोडल्या, झाडं जमिनीत लावली आणि पाच वर्षांत त्यांना बरं करण्याची शपथ घेतली. झाडांच्या नावाखाली तो राजवटीने वाकवलेल्या बुद्धिमान माणसांविषयी बोलत होता असं जाणकार सांगतात. म्हणजे उपमा करण्याची खोड आपल्याच वक्त्यांना आहे असं नाही. वाचून मी हेलावलो. पण बँकेत काढलेल्या आयुष्यामुळे दुसरंही मनात आलं: तीनशे कुंड्यांचं एकगठ्ठा गिऱ्हाईक मिळाल्यावर त्या विक्रेत्याने दुसऱ्याच दिवशी आणखी सहाशे वाकवायला घेतल्या असतील. आणि गोंगकडे जमीन होती.

जपान्यांची गोष्ट उलटी. 'हाची नो की', म्हणजे कुंडीतली झाडं, नावाचं त्यांचं एक जुनं नो नाटक आहे. बर्फाच्या वादळात एक भिक्षू एका दरिद्री सामुराईच्या दाराशी येतो. घरात जाळायला काही नाही. श्रीमंतीच्या दिवसांतली तीन कुंडीतली झाडं तेवढी उरलीत: प्लम, चेरी आणि पाइन. सामुराई ती तोडून शेकोटी करतो. भिक्षू निघतो वेषांतर केलेला मोठा सत्ताधीश, होजो तोकियोरी, आणि पुढे सामुराईला तीन झाडांच्या नावांशी जुळणारी तीन गावं इनाम मिळतात. इनामाचा भाग मला तितका पटला नाही. आमच्याकडे येणारे पाहुणे वेषांतर करून येत नाहीत, जसे आहेत तसेच येतात. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. त्या माणसाने झाडं वर्षानुवर्षं जपली होती म्हणून त्या शेकोटीला अर्थ. नाहीतर ते सरपणच.

आणि तिसरं झाड वॉशिंग्टनमध्ये आहे, खरोखरीचं. १६२५ सालापासून कुंडीत वाढवलेला जपानी पांढरा पाइन. हिरोशिमाच्या यामाकी घराण्याने तो पिढ्यानपिढ्या सांभाळला. ६ ऑगस्ट १९४५ला बॉम्ब पडला तेव्हा तो तिथून साधारण तीन किलोमीटरांवर, त्यांच्या रोपवाटिकेच्या भिंतीआड होता. झाड वाचलं, घरची माणसंही वाचली. १९७६ साली अमेरिकेला दोनशे वर्षं झाली म्हणून जपानने जी बोन्साय झाडं भेट दिली त्यांत मासारू यामाकींनी हे झाड दिलं. ते कुठून वाचून आलं आहे हे तिथल्या संग्रहालयातल्या लोकांना कळलं ते २००१ साली, यामाकींचे नातू ते बघायला आले तेव्हा. तीनशे वर्षं ज्याला बांधलं, कापलं, ते भिंतीआड मावण्याएवढं लहान होतं म्हणून राहिलं. यावर गोंगने काय लिहिलं असतं?

पुस्तकांत तीन उत्तरं सापडली: सोडा, जाळा, देऊन टाका. तिन्ही उत्तरं पटली. पुस्तकं वाचण्यात हाच धोका असतो.

मग मी अनुभवी माणसांकडे वळलो. माझ्या मेव्हण्याची नाशिककडे द्राक्षाची बाग आहे. त्याच्याकडे वर्षातून दोनदा सबंध बाग छाटतात, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. सिकेटर खिशात घालूनच तो जेवायला बसतो. त्याला मी विचारलं, झाडाला असं कापताना काही वाटत नाही का? तो म्हणाला, "दाजी, वेलाला विचारत बसलो तर द्राक्षाऐवजी पाला विकावा लागेल." त्याचं म्हणणं, कापणं वाईट नाही, उगाच कापणं वाईट. मग दादाचं उगाच होतं का? त्याच्या झाडाला चाळीस वर्षांत एक फळ धरलं नाही. मेव्हणा जरा थांबला आणि म्हणाला, "बघायला बरं वाटायचं ना? मग ते फळच." हा मुद्दा मला सुचला नव्हता. त्याच्या समंजसपणाने धीर येऊन मी विचारलं, की मग हा वड तुझ्या बांधावर लावू का? "वड? द्राक्षाच्या बांधावर?" त्याने ताट बाजूला सारलं. "दाजी, आपले संबंध चांगले आहेत ना?"

त्याचंही बरोबर. मोकळा सोडलेला वड म्हणजे काय, हे कोलकात्याजवळ हावड्याच्या वनस्पती उद्यानात जाऊन बघावं. एक झाड साडेचार एकरांवर पसरलंय. त्याचं मूळ खोड बुरशी लागली म्हणून १९२५ साली काढून टाकलं, तरी झाडाला पत्ता नाही. ते पारंब्यांवर उभं आहे. अशा प्राण्याला पुण्यात कुठं सोडायचं? मी आमच्या सोसायटीत विचारलं. मोकळ्या जागेत फरशा बसवल्या आहेत आणि त्यांवर गाड्या उभ्या आहेत. ओळखीच्या एका शाळेत विचारलं, त्यांना वड हवा होता, पण चित्रातला. वृक्षप्रेमावर दरवर्षी व्याख्यान देणाऱ्या एका स्नेह्याचा बंगला आहे. तो म्हणाला, "पाया उचलतो रे." झाडाला स्वातंत्र्य मिळावं याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. फक्त ते शेजारच्या प्लॉटमध्ये मिळावं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त प्राध्यापक राहतात, रसायनशास्त्राचे. त्यांच्या गॅलरीत ऑर्किडं आहेत. ते त्यांना आमरी म्हणतात आणि आपणही म्हणावं असा त्यांचा आग्रह आहे. कोकणात आंब्या-फणसाच्या खोडांवर आमऱ्या असतात, आणि लोक त्यांना बांडगूळ समजून ओरबाडतात. त्या झाडावर नुसत्या बसतात, त्याचा रस पीत नाहीत, हे ते जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. बोन्सायवाल्यांविषयी त्यांचं मत चांगलं नाही. आमरीला वळण लावायचं म्हणजे फार तर फुलाच्या दांड्याला काडीचा आधार द्यायचा. बाकी तिचं ती ठरवते. "आम्ही कापतो ते संपलेलंच," ते मला म्हणाले. तेही पातं आधी ज्योतीवर धरून. कारण एका झाडाचा रस पात्यावरून दुसऱ्याला लागला तर विषाणू जातो, आणि विषाणू लागलेल्या आमरीला औषध नाही.

मला हे तत्त्व फार आवडलं. संपलेलं तेवढं कापावं! मी उत्साहाने त्यांच्या डेंड्रोबियमच्या कुंडीतल्या एका सुकलेल्या, पानं गळलेल्या कांडीकडे बोट दाखवलं. "ही?"

प्राध्यापक दचकले. "अहो, ती कशाला? तिच्यात पाणी आहे, साठा आहे. नव्या कांड्या तिच्यावर पोसल्या जातात. पूर्ण पिवळी पडून सुरकुतेपर्यंत हात लावायचा नाही."

म्हणजे संपलंय की नाही हे बघून कळत नाही. हा विचार मी खाली येऊन सौभाग्यवतींना सविस्तर सांगितला, पेन्शनरांचा विशेष उल्लेख करून. "साठा आहे खरा," ती माझ्या पोटाकडे बघत म्हणाली.

दरम्यान झाड वाढतच होतं. वहिनींना काय वाटतं, गोंगला काय वाटतं, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. मुळं कुंडीच्या तळच्या भोकांतून बाहेर आली, घातलेलं पाणी वरूनच वाहून जायला लागलं. तेव्हा मला दादाचा आणखी एक नियम आठवला. दोन-तीन वर्षांनी झाड कुंडीतून काढायचं, मुळांचा साधारण तिसरा हिस्सा छाटायचा, नवी माती घालायची. नाहीतर मुळं एकमेकांभोवती वेढे घेत घेत शेवटी कुंडीत मुळंच उरतात, माती उरत नाही, आणि झाड पाण्यात उभं राहून तहानेने मरतं. मी मोठ्या सहृदयतेने सात-आठ महिने या झाडाला कात्री लावली नव्हती. "बिचाऱ्याला जरा आराम." एकदा कुंडीत घातलेल्या झाडाला न कापणं ही दया नसून आळस आहे, आणि मी तो दयेच्या नावाखाली खपवत होतो. हे कळल्यावर मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही. कारण हे आता मरेपर्यंतचं काम. माझ्या मरेपर्यंतचं, त्याच्या नव्हे. त्याला पुढं कोण, हा प्रश्न दादाने माझ्याकडे बघून सोडवला होता. मी कुणाकडे बघू? मुलगी बंगळुरूला, तिच्याकडे तुळस जगत नाही.

मागच्या वर्षी पावसाच्या तोंडावर मी डबा उघडला. मुळं सुईने सोडवली, छाटली. मग नांगी-कातर घेतली. तार गिळलेली ती खालची फांदी ठेवण्यात अर्थ नव्हता. मी थाळीवर झाड फिरवून दोन तास बघत बसलो. कापायला दोन सेकंद लागले. खोडाला खळगा पडला, चीक आला, तो ओल्या फडक्याने टिपला.

फांदी टाकवेना. वडाची फांदी मातीत खोचली तर मुळं धरते हे लहानपणी गावी पाहिलं होतं. तारेचा भाग कापून टाकला आणि वरचा तुकडा दुधाच्या पिशवीत माती भरून लावला. महिन्याभरात त्याला डोळे फुटले, आणि मग तो असा वाढू लागला की बघत राहावं. चाळीस वर्षांत थोरल्याला जेवढं वाढू दिलं नव्हतं तेवढं याने वर्षात वाढून घेतलं. पानं पहिल्याएवढी, हत्तीच्या कानाएवढी!

या मे महिन्यात वहिनी तो घेऊन त्यांच्या माहेरी संगमेश्वरकडे गेल्या आणि देवळामागच्या पडीक जागेत लावून आल्या. तिथं पाया नाही, द्राक्षं नाहीत. आता माझ्यापुढे असा पेच आहे की दादाचा वड सुटला की नाही? जमिनीत गेलेलं झाड तेच आहे. त्याच लाकडाचं, त्याच रसाचं. आणि टीपॉयवरचंही तेच आहे. हावड्याच्या झाडाला खोड नसताना ते तेच झाड असेल, तर हेही दोन्ही ठिकाणी एकच. म्हणजे अर्धं सुटलं आणि अर्धं आत आहे. प्राध्यापकांना विचारलं, ते म्हणाले हा रसायनशास्त्राचा प्रश्न नाही.

यंदा वटपौर्णिमेला आमच्या बिल्डिंगमधल्या बायका टीपॉयभोवती फेरे घालून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी आल्या. पूजेच्या दिवशी त्यांनी मुद्दामच यायचं टाळलं असावं. मी चहा सांगायला आत गेलो. बाहेर आलो तर त्या मोड्यावर बसून डब्यातल्या चिमट्याने झाडाचं सूत काढत होत्या. एकेक पदर.

"हे तरी रात्रीच काढायचं होतंत, भाऊजी."

"राहिलं खरं."

"संगमेश्वरच्याला चार नवी पानं आलीत. भावाचा फोन होता." सूत काढून झालं तसं त्यांनी थाळी जरा फिरवली, मान तिरकी करून बघितलं, पुन्हा फिरवली. मी कापलेल्या फांदीच्या जागी साल चारी बाजूंनी आत सरकली होती, मध्ये आठ आण्यांच्या नाण्याएवढा खळगा उरला होता. त्यावरून त्यांनी बोट फिरवलं. मग त्यांचं लक्ष शेंड्याकडे गेलं. तिथं एक कोंब सगळ्यांना मागे टाकून सरळ वर निघाला होता.

"तुमचे दादा असते तर हा राहू दिला नसता," वहिनी म्हणाल्या, आणि तुळशीची मंजिरी खुडावी तसा नखाने खुडून टाकला. पांढरा चीक नखावर आला. त्या आतल्या दिशेने बघून म्हणाल्या, "अगं, ओलं फडकं दे गं जरा."